कृत्रिम उपग्रहांचे वेध
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मुलांच्या अभ्यासाविषयी आम्ही चार शब्द बोलावे, असे चिटणीसांनी सुचविले होते. त्या विषयावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतेच, आणि मुलेही तो उपदेश तितक्याच नम्रपणे विसरतात. म्हणून आज आम्ही त्यांस एक काम सांगणार आहोत, आणि त्यास खर्च जवळजवळ काहीच नाही.

२ एप्रिल २०२२ ही तारीख आपणांपैकी विदर्भातील मंडळींच्या स्मरणात असेल. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. सायंकाळी आकाशातून जळत्या ठिणग्यांची एक रांग सावकाश सरकत गेली, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. कोणी उल्का म्हणाले, कोणी अपशकुन म्हणाले. चीनने २०२१ साली सोडलेल्या अग्निबाणाचा तो उरलेला भाग असावा, असे जाणकारांनी पुढे सांगितले. उल्का निमिषात विझते. ही रांग बराच वेळ चालली होती, एवढ्यावरूनच भेद ओळखता आला असता. चित्रफिती पुष्कळ निघाल्या. परंतु ती रांग कोणत्या ताऱ्यापासून कोणत्या ताऱ्यापर्यंत, किती सेकंदांत गेली, हे सांगणारा आमच्या ओळखीत एकही निघाला नाही. याचे आम्हांस वाईट वाटले. आपल्या माथ्यावरून काय जाते, हे आपणांस दुसऱ्याने सांगावे काय?

उपग्रहास स्वतःचा प्रकाश नसतो. गावात अंधारून आले तरी देवळाच्या कळसावर ऊन रेंगाळते, हे आपण पाहिले आहे. चारशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावर ते ऊन आणखी कितीतरी वेळ राहते. म्हणून सूर्यास्तानंतरचे आणि सूर्योदयापूर्वीचे दीड-दोन तास हाच त्याच्या दर्शनाचा मुख्य काळ होय. पुष्कळदा तो क्षितिजास पोहोचण्यापूर्वीच भर आकाशात विझतो. मुलांस वाटते, ढग आला. वस्तुतः तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. विमानाचे तांबडे-हिरवे दिवे लुकलुकतात, हा मात्र स्थिर तेजाने जातो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सर्वांत सहज दिसते. १९९८ पासून त्याची उभारणी झाली. सुमारे त्र्याण्णव मिनिटांत ते पृथ्वीस एक प्रदक्षिणा घालते, आणि आपल्या गच्चीवरून पाच-सहा मिनिटांत नजरेआड होते.

आता, नुसते पाहणे निराळे आणि वेध घेणे निराळे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला स्पुटनिक सोडला, तेव्हा लोकांनी आकाशात जो ठिपका पाहिला तो बहुधा त्याच्यामागून फिरणारा अग्निबाण होता. खुद्द स्पुटनिक अवघा अठ्ठावन्न सेंटिमीटरांचा गोळा. अमेरिकेत फ्रेड व्हिपल या ज्योतिर्विदांनी आधीच हौशी लोकांची पथके उभी केली होती. लहान दुर्बिणी घेऊन ही माणसे रांगेने बसत व उपग्रह ठरलेली रेषा ओलांडी तो क्षण टिपीत. पुढे मोठे कॅमेरे जगात बारा ठिकाणी बसविले गेले, त्यांतील एक आपल्या नैनितालास होता. इंग्लंडात डेस्मंड किंग-हीली यांनी अशाच नोंदींवरून वरच्या वातावरणाची घनता काढली. विरळ हवाही उपग्रहास ओढते. तो खाली येतो, प्रदक्षिणा लवकर पुरी करतो, आणि काही सेकंद अगोदर दिसतो. त्या काही सेकंदांत सारे शास्त्र होते.

तथापि आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो तो केटरिंगचा शाळामास्तर. जेफ्री पेरी तेथील ग्रामर स्कूलमध्ये पदार्थविज्ञान शिकवीत. आगगाडी येताना शिट्टीचा स्वर चढा व जाताना उतरता लागतो, तेच तत्त्व ते उपग्रहांच्या रेडिओ-संदेशांवरून मुलांस समजावीत. म्हणजे त्यांचा वेध डोळ्यांनी नव्हे, कानांनी चाले. मार्च १९६६ मध्ये सुटलेल्या कॉसमॉस ११२ चा मार्ग नेहमीच्या प्रक्षेपणस्थळाशी जुळेना. त्याच वर्षी पुढे सुटलेल्या आणखी एका उपग्रहाचा मार्ग नकाशावर आखला, तेव्हा दोन्ही रेषा जेथे छेदल्या तेथे रशियाचे गुप्त प्रक्षेपणस्थळ, प्लेसेत्स्क, असल्याचे त्यांनी जाहीर केले. मॉस्कोने ते मान्य केले १९८३ साली! रेषा छेदण्याची भूमिती आम्हीही चौतीस वर्षे फळ्यावर शिकविली. तिचा असा उपयोग होतो हे तेव्हा ठाऊक असते, तर वर्गात इतकी जांभई ऐकू आली नसती.

उपग्रह केव्हा दिसणार, हे भ्रमणध्वनीवर आयते कळते. त्यास आमची हरकत नाही; पण पंचांगात तिथी वाचणे म्हणजे चंद्र पाहणे नव्हे. शिवाय मे २०१९ पासून स्टारलिंकचे उपग्रह एकामागोमाग एक माळेने जाताना दिसू लागले आहेत, आणि त्यांस पाहून आजही माणसे घाबरतात. त्यांस समजावणारे घरोघरी कोणी तरी हवे.

मग करावे काय? प्रथम पाच-पंचवीस तारे ओळखावे. सप्तर्षींतील वसिष्ठ व अंगिरस यांसारखी जवळची जोडी धरावी. उपग्रह त्या दोहोंमधून जाताच घड्याळ थांबवावे, आणि कोणत्या ताऱ्यापासून किती अंतरावरून गेला याचा अंदाज करावा. घड्याळ आधी बिनचूक लावून घ्यावे, कारण उपग्रह सेकंदास साडेसात किलोमीटर जातो. आपली चूक सेकंदाची, त्याची साडेसात किलोमीटरांची. शहरातील दिव्यांनी आकाश फिकटले असले तरी अवकाश स्थानक दिसतेच, तेव्हा मुंबईकरांनी सबब सांगू नये. वहीत चार रकाने पुरेत: दिनांक, सेकंदासह वेळ, जवळचे तारे, आकाशाची स्थिती. ढग असल्यास ‘ढग’ असे लिहावे. पान कोरे सोडू नये. पुढील संमेलनास मुलांनी आपापल्या वह्या आणाव्या, आम्ही त्या पाहू, आणि दोन गावांहून एकाच रात्री एकाच उपग्रहाची नोंद झाली असेल तर येथेच फळ्यावर त्याची उंची काढून दाखवू.