अंधाराची प्रत



विषय आहे एका भयपटाचा दुसरा भाग. चित्रपट आहे १९८१ सालचा अमेरिकी ‘हॅलोवीन २’. तो घराघरांत कोणत्या रूपात पोचला, याबद्दल मला बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच मांडतो. कोणी एखाद्या चित्रपटाला बरंवाईट म्हटलं, की ‘कोणती प्रत पाहिलीत?’ हे विचारलं पाहिजे. या चित्रपटाच्या बाबतीत तर ते विचारल्यावाचून पुढे जाताच येत नाही, कारण त्याची सगळी रचना अंधारावर आणि रुंद चौकटीवर उभी आहे.

पहिला ‘हॅलोवीन’ १९७८चा. जॉन कारपेंटर यांनी तो तीन-सव्वातीन लाख डॉलरांत केला. दुसरा भाग त्याच रात्री पुढे सुरू होतो. जखमी लॉरीला, म्हणजे जेमी ली कर्टिसला, हॅडनफील्डच्या इस्पितळात आणलेलं आहे. मुखवटा घातलेला खुनी मायकल मायर्स तिच्या मागावर आहे आणि त्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर लूमिस त्याच्या. पटकथा कारपेंटर आणि डेब्रा हिल यांची, दिग्दर्शन मात्र रिक रोझेन्थल यांचं. चित्रणात मात्र सातत्य राहिलं: छायालेखक डीन कंडी दोन्ही भागांना तेच होते.

कंडी यांनी दोन्ही चित्रपट पॅनाव्हिजनच्या ॲनामॉर्फिक भिंगांनी टिपले. ही भिंगं दृश्य आडवं आवळून फिल्मवर उतरवतात आणि चित्रगृहातलं प्रक्षेपक यंत्र ते पुन्हा ताणून दाखवतं. हाती येते उंचीच्या सुमारे २.३५ पट रुंद चौकट. इस्पितळाचे ओस कॉरिडॉर, रांगेनं बंद दारं, आणि माणूस चौकटीच्या एका टोकाला उभा. उरलेल्या रिकाम्या जागेत कोणी आहे का, हे आपण शोधत राहतो. भीती तिथेच तयार होते. पहारेकऱ्यासमोरच्या छोट्या मॉनिटरवर मायकल आत येताना दिसतो आणि पहारेकऱ्याचं तिकडे लक्ष नसतं. चित्रातल्या त्या लहानशा चित्रावर प्रेक्षकाची नजर पडली नाही, तर तो प्रसंग वाया गेला.

आता व्हीएचएस कॅसेटचा काळ आठवा. टीव्हीचा पडदा उंचीच्या १.३३ पट. तो पूर्ण भरायचा, तर रुंद चौकटीचा ४० टक्क्यांहून अधिक भाग कापावा लागतो. मग व्हिडिओच्या टेबलावर कोणीतरी ठरवायचं, की या क्षणी डावीकडचा माणूस दाखवायचा की उजवीकडचं दार. याला ‘पॅन अँड स्कॅन’ म्हणत. रिकामी जागा ‘निरुपयोगी’ म्हणून आधी जायची, आणि इथे तर तीच कामाची होती. वर व्हीएचएसची फीत आडव्या दिशेनं जेमतेम २४० रेषांचा तपशील धरते. एका पिढीनं हा चित्रपट असा पाहिला आणि मतंही त्यावरच बनवली.

अंधाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. परिचारिका जॅनेट इस्पितळातल्या डॉक्टरांना शोधत खोलीत येते. डॉक्टर मेलेले आहेत. ती मागे सरते, आणि तिच्या पाठीमागच्या काळोखातून पांढरा मुखवटा हळूहळू उमटू लागतो. त्या ‘हळूहळू’मध्येच सगळा प्रसंग आहे. प्रतीत काळ्याच्या छटा एकमेकींत बुडाल्या, तर मुखवटा एकदम टपकतो. उलट कोणी उजेड वाढवून ठेवला, तर तो आधीपासून तिथे उभा दिसतो. दोन्हीकडे दिग्दर्शकानं मोजलेला वेळ आपल्या हातून निसटतो.

मग डीव्हीडी आली, ब्लू-रे आली, १९२० बाय १०८० बिंदूंचं चित्र आलं. पण आकडे मोठे झाले म्हणून चित्र खरं होतंच असं नाही. जुन्या फिल्मला स्वतःचे कण असतात. चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं. ते कण म्हणजे कचरा समजून संगणकाच्या गाळणीतून काढले, की त्वचेचे, कापडाचे बारकावेही जातात आणि चेहरे मेणाचे वाटू लागतात. तबकडीवर माहिती फार दाबून भरली, तर पहिला बळी अंधाराचा: काळोखात चौकोनी ठोकळे दिसायला लागतात. म्हणून २०२१मध्ये अमेरिकेत निघालेली ४के आवृत्ती महत्त्वाची. तिथे बिंदू चौपट आहेतच, पण मला मोल वाटतं ते छटांचं. ब्लू-रेवर प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, ४के तबकडीवर १०२४. काळ्यातून करड्याकडे जाणारा तो संथ प्रवास या जादा पायऱ्यांवरूनच होतो.

चांगली प्रत उणिवाही लपवत नाही. मुखवटा पहिल्या चित्रपटातलाच आहे: ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंगवलेला. मधल्या काळात तो हिल यांच्या घरी होता आणि त्यांच्या सिगारेटच्या धुरानं पिवळट पडला, असं सांगतात. पहिल्या भागात तो निक कॅसलनं घातला, दुसऱ्यात डिक वॉरलॉकनं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो वेगळाच बसतो. कर्टिसनं केस कापले होते, म्हणून ती टोपात आहे. कॅसेटवर यातलं फारसं काही कळत नव्हतं. स्वच्छ प्रतीत सगळं कळतं, आणि कळायलाच हवं. तो या चित्रपटाच्या घडणीचा इतिहास आहे.

प्रतीचा प्रामाणिकपणा चित्राइतकाच आशयातही लागतो. अमेरिकी टीव्हीसाठी या चित्रपटाची वेगळी आवृत्ती केली होती. रक्तपात कमी, प्रसंगांचा क्रम बदललेला, आणि शेवटी रुग्णवाहिकेवरचा कर्मचारी जिमी जिवंत. २०१२च्या विशेष आवृत्तीत ती मूळ चित्रपटाशेजारी स्वतंत्र तबकडीवर दिली. हे योग्य झालं; दोन्ही रूपं आपापल्या नावानं समोर आली. २०११च्या ब्लू-रेवर मात्र सुरुवातीच्या श्रेयनामावलीतून निर्माते मुस्तफा अक्कड यांचं नाव गेलं होतं. अक्कड २००५च्या अम्मानमधल्या बॉम्बस्फोटांत मृत्यू पावले होते; ते स्वतः हरकत घेऊ शकत नव्हते. चाहत्यांनी ती घेतली आणि नाव परत आलं. प्रेक्षक जागा असला तर काय होतं, याचं हे उदाहरण.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात ते स्वतःच्या चौकटी घुसडतं. ‘व्हिव्हिड’ सोडून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. वरखाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर चित्र ताणू नका. त्या पट्ट्यांमुळेच पूर्ण रुंदी तुमच्यापर्यंत पोचते. आणि खोलीतला दिवा मालवा. इतकं केल्यावरही ‘हॅलोवीन २’ आवडला नाही, तर खुशाल नावं ठेवा. ती त्या चित्रपटाला ठेवलेली असतील, त्याच्या खराब प्रतीला नव्हे.