‘यानंतर’ आणि ‘यामुळे’



मी बँकेतला कारकून. तत्त्वज्ञान बी.ए.ला वाचले तेवढेच. पण आजचा विषय पुस्तकापेक्षा घरातला अधिक आहे. नवी सून घरात येते, महिन्याभरात सासरा वारतो आणि आयाबाया ‘पायगुण’ हा शब्द कुजबुजू लागतात. त्या एका शब्दाने पोरीचा जन्म करपतो. तिचा अपराध काय, तर ती आधी आली आणि मृत्यू नंतर आला. ‘यानंतर’चे ‘यामुळे’ झाले ते असे.

स्कॉटलंडचा तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम याने १७४८ साली याच गाठीवर बोट ठेवले. बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा चालू लागतो. आपल्याला दिसतात त्या पाठोपाठच्या दोन घटना. त्यांना जोडणारे ‘कारण’ डोळ्यांना दिसतच नाही. बरे, आजवर घडले तसेच उद्या घडेल याला पुरावा कोणता? पुन्हा आजवरचाच!

आपल्या देशात हा वाद त्याहून कितीतरी जुना. चार्वाकांची शंका अशी, की धूर तेथे अग्नी असे तुम्ही म्हणता. पण होऊन गेलेला आणि पुढे होणारा सगळा धूर पाहिला कोणी? बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांचे म्हणणे असे, की दोन गोष्टी अनेकदा एकत्र दिसल्या आणि उलट उदाहरण आढळले नाही, एवढ्यावर नियम उभा राहत नाही. अग्नी आणला की धूर दिसतो, अग्नी नेला की नाहीसा होतो, हे पाहावे लागते. माझ्या मते चार्वाकाचे तोंड याने पुरते बंद होत नाही, पण कामाची कसोटी मात्र हाती येते. पायगुणाला ती लावा. ज्या घरांत सून आलीच नाही, त्या घरांतले म्हातारे काय अमर असतात?

या कसोटीचे बळ १८५४ साली लंडनच्या पटकीत दिसले. दोन कंपन्यांचे नळ एकाच वस्तीतून, एकाच गल्लीतून जात. एक कंपनी थेम्सचे शहरातले घाण पाणी देई. दुसरीने १८५२ मध्ये आपले पाणी वरच्या अंगाहून घ्यायला सुरुवात केली होती. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरचे मृत्यू मोजले. पहिलीकडे दर दहा हजार घरांमागे ३१५, दुसरीकडे ३७. हवा तीच, माणसे तीच, फरक फक्त पाण्याचा. रॉबर्ट कॉख यांनी रोगजंतू ओळखला तो १८८४ च्या सुमारास, आणि स्नो तर १८५८ मध्येच वारले होते. अखेरची सिद्धता होईपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर मधली तीस वर्षे लोकांनी तेच पाणी प्यायचे होते काय?

आता भविष्याचे. मुले विचारतात, “काका, शिकलो तर नोकरी लागेलच ना?” खात्री मी देऊ शकत नाही. आमची बँकसुद्धा कर्ज देते ते पगार, जामीन आणि मागचे हप्ते पाहून अंदाजानेच. आणि अंदाज चुकेल हे धरून तरतूद ठेवते. खात्री देणारा एकच, पत्रिका पाहणारा. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या. हुशार मूल कोणते आणि बौद्धिक अपंगत्व असलेले कोणते, एवढेच सांगायचे होते. बरोबर उत्तरे निघाली शेकडा ४६ च्या आसपास. रुपया उडवला असता तरी पन्नास आली असती, आणि दक्षिणाही वाचली असती.