लेपाखालचं काम

हिंगणा-बुटीबोरी-कळमेश्वरपासून थेट चंद्रपूर-गोंदियापर्यंतचे कोटिंगवाले, ब्लास्टिंगवाले, गॅरेजवाले आणि मागे उभे असलेले विद्यार्थी मित्रहो,

तीस वर्षं हिंगण्याच्या शेडमध्ये काढलेल्या माणसाला तुम्ही या खुर्चीवर बसवलंत, त्याबद्दल आभार. अध्यक्षानं विद्वत्तापूर्ण बोलावं अशी रीत आहे. माझ्याकडे विद्वत्ता कमी, रिजेक्शनचा अनुभव भरपूर. त्याच्या जोरावर बोलतो.

आपला धंदा नवा आहे असं आपण समजतो. माझ्या लहानपणी महालातल्या आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. दारापुढे खड्डा, खड्ड्यात कोळसे, बाजूला भाता. भांडं तो आधी घासून लख्ख करायचा, मग तापवायचा, मग नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा धूर उठायचा, आम्ही पोरं खोकत मागे सरायचो. तो धूर म्हणजे पितळेवरचा उरलासुरला थर सुटल्याची खूण. त्यानंतर कथील टेकवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं एक फेरा मारायचा. कथील २३२ अंशांनाच वितळतं, लावायला मिनिटभर पुरतं. वेळ जायचा तो सगळा त्याआधी. महिन्याभरात कल्हई सुटली तर आई कथिलाला दोष द्यायची नाही. ‘घासलंच नव्हतं त्यानं,’ म्हणायची.

पावडर कोटिंगआधीचे आपले सात टँक म्हणजे तेच घासणं. तेल काढा, धुवा, गंज काढा, धुवा, फॉस्फेट चढवा, धुवा, पॅसिव्हेशन करा. पावडरीला अजून हात लागलेला नसतो. १९५०च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी हवेवर तरंगणाऱ्या पावडरीत तापलेला भाग बुडवायची युक्ती काढली. पुढच्या दशकात विजेच्या भारावर पावडर उडवणारी गन आली. आज आपण साठ हजार ते लाखभर व्होल्टवर ती मारतो, १८० ते २०० अंशांत दहा-वीस मिनिटं भाजतो आणि साठ-ऐंशी मायक्रॉनचा थर मिळवतो. थिनर नाही, खाली पडलेली पावडर चाळून परत वापरता येते. सगळं खरं, पण फॉस्फेटच्या टँकमध्ये घाई झाली की पहिल्या पावसाळ्यात कडेनं पापुद्रे निघतात.

माझी एक फजिती सांगतो. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एक बुलेटवाला सायलेन्सर घेऊन आला. ‘भाऊ, काळा मारून द्या नं, जास्त विचार नका करू.’ मी विचार केलाच नाही. साधी पॉलिएस्टर पावडर मारली, चकचकीत भाग हातात दिला, पैसे घेतले. आठ दिवसांनी सायलेन्सर परत आला. इंजिनाजवळचा वीतभर भाग करपलेल्या भाकरीसारखा, पुढे तपकिरी, शेपटीकडे मात्र नवाकोरा. एकाच पाइपवर मला तापमानाचा तक्ता छापून मिळाला होता. साधी पावडर दोनशे अंशांच्या वर फार काळ तग धरत नाही. सिलिकॉनवर आधारलेली खास पावडर साडेपाचशेच्या आसपास जाते. पेट्रोल इंजिनाचा मॅनिफोल्ड जोरात चालताना सहाशे ते नऊशे अंशांत असतो. त्या बुलेटवाल्याचे पैसे मी परत दिले आणि ‘हा भाग किती तापतो?’ हा प्रश्न चलानावर छापून घेतला.

इथून सिरॅमिकची गोष्ट सुरू होते. हा शब्द बाजारात तीन अर्थांनी फिरतो आणि गिऱ्हाईक गोंधळतं. गाडीच्या रंगावर चकाकीसाठी लावतात ते एक. एक्झॉस्टशी त्याचा काही संबंध नाही. दुसरं, सिरॅमिकचे कण मिसळलेला पातळ लेप, जो हेडर आणि सायलेन्सरवर फवारून भाजतात. तिसरं, प्लाझ्माच्या झोतानं वितळवून चढवलेलं झिर्कोनिया, त्यात सात-आठ टक्के यिट्रिया. आपल्या नागपूरच्या मिहानमध्ये देखभालीला येणाऱ्या विमानांच्या टर्बाइन पात्यांवर असतो तो लेप याच घराण्यातला. झिर्कोनियाची निवड नुसती उष्णता अडवण्यासाठी झालेली नाही. तापल्यावर ते जवळपास पोलादाइतकंच फुगतं. इनॅमलच्या ताटाची कपची कशी उडते ते आपण घराघरात पाहिलंय. वरचा थर आणि खालचा पत्रा वेगवेगळ्या चालीनं फुगले-आकसले की तेच होतं. म्हणून झिर्कोनियाच्या खालीही निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचा एक थर द्यावा लागतो. अॅल्युमिनियमचा पिस्टन तर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतो. त्याच्या डोक्यावर हा लेप टिकवणं म्हणूनच जिकिरीचं.

आता गिऱ्हाइकाला काय सांगायचं? ‘मायलेज वाढेल’ असं छातीठोकपणे सांगू नका. १९७०-८०च्या दशकांत कमिन्स कंपनीनं अमेरिकी लष्करासाठी पाण्याशिवाय चालणारं, आतून सिरॅमिकनं झाकलेलं डिझेल इंजिन बनवायचा मोठा खटाटोप केला. उष्णता रेडिएटरकडे जायची थांबली, पण त्यातली बरीचशी क्रँककडे न वळता धुरासोबत बाहेर गेली. लेप उष्णता संपवत नाही, तिची वाट बदलतो. एवढं एक वाक्य पाठ करा. २०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ लागू झालं, तिथे हाच गुण कामी येतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे अंशांवर कामाला लागतो. त्याआधीचा पाइप गरम राहिला तर तो लवकर जागा होतो. बॉनेटखालच्या वायरी आणि रबर वाचतात, दुचाकीवाल्याची पोटरी वाचते. हे वचन देऊ शकता.

आणखी एक. बाहेरून लेप दिला म्हणजे सायलेन्सर गंजणार नाही, हेही सांगू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. सीताबर्डीहून धरमपेठेपर्यंतच चालणाऱ्या गाडीत ते वाफ होऊन निघून जायला वेळच मिळत नाही. आतच साचतं आणि आतूनच खातं.

आपल्या नागपूरची म्हणून काही दुखणी आहेत. पावडर तिशीच्या आत ठेवा असं डब्यावर लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात आपलं टिनाचं शेड पंचेचाळिशीच्या पुढे जातं. हॉपरमध्ये गाठी होतात. मग आपण कूलर लावतो आणि पावडर ओल पिते. नागपूरच्या माणसाला कूलर सोडवत नाही हे मला कळतं, पण कूलर कामगाराकडे वळवा आणि पावडरीला छोटी एसी खोली द्या. कॉम्प्रेसरचं पाणी रोज काढा. जुन्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये तेल मुरलेलं असतं. तो आधी रिकामा भाजून घेतला नाही तर थरावर सुईच्या टोकाएवढी भोकं उठतात. आणि थर जाड झाला, नीट पसरला नाही, की पृष्ठभागावर खडबडीतपणा येतो त्याला सगळं जग ‘ऑरेंज पील’ म्हणतं. संत्र्याच्या शहरातून संत्र्याच्या सालीसाठी माल परत यावा, यासारखी लाज नाही.

शेवटचा मुद्दा माणसांचा. गन धरणाऱ्याला आपण कारागीर म्हणतो. भाग घासून साफ होतो त्या ब्लास्टिंगच्या खोलीत उभा राहतो त्याला हेल्पर. लेप टिकतो तो त्या हेल्परच्या जिवावर. वाळूनं ब्लास्टिंग केलं की सिलिकाची धूळ फुफ्फुसात कायमची बसते. ब्रिटननं कास्टिंगवर वाळूचं ब्लास्टिंग १९४९च्या नियमांनीच बंद केलं. आपल्याकडे गार्नेट, स्टील शॉट, अॅल्युमिनियम ऑक्साइड सगळं मिळतं, तरी स्वस्त म्हणून नदीची वाळू वापरणारी शेडं मी पाहिली आहेत. बूथमध्ये हवेत भरलेली पावडर एका ठिणगीनं पेट घेते. फॉस्फेटचा गाळ नाल्यात सोडला तर तो आपल्याच नदीत जातो. त्याची जागा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या. बिलावर लेपाचा प्रकार, मायक्रॉन आणि सोसणारं तापमान लिहा. ज्याला ते लिहिता येत नाही त्यानं ते काम घेऊ नये. व्हीएनआयटीचा धातुशास्त्र विभाग आणि वाडीची अॅल्युमिनियम संशोधन संस्था आपल्या दारात आहेत. आपला फसलेला माल त्यांच्यापुढे घेऊन जाण्याची लाज सोडा. आणि ब्लास्टिंगवाल्याला गनवाल्याइतका पगार आणि हवेची नळी जोडलेलं शिरस्त्राण द्या.

हे तिन्ही उद्यापासून जमेलच असं नाही. पण एक गोष्ट जमेल. भाग टांगायच्या हुकांवर जुन्या पावडरीची पुटं चढली की अर्थिंग तुटतं आणि गन कितीही भारी असली तरी पावडर भागावर बसत नाही. उद्या सकाळी शेड उघडलंत की सगळ्यात आधी हूक साफ करा.