चोवीस तासांचा आठवडा



इतकी रंगलेली फुगडी संपताच प्रमुख पाहुण्याने भाषणाला उभे राहावे, ही वहिवाट ज्याने प्रथम पाडली त्याचा मुलांवर काहीतरी जुना राग असला पाहिजे. तरीही न्यू जर्सीतल्या या मराठी शाळेने मला पाचारण केले आणि वर 'आपल्या व्यवसायाविषयी बोला' अशी आज्ञाही केली, याचे मला राहून राहून नवल वाटते. कारण वीसहून अधिक वर्षे मी आठवड्याला केवळ २४ तास नोकरी करीत आलो आहे, आणि अशा माणसाला व्यवसाय असतो यावर आमच्या आप्तवर्गात अद्याप एकमत झालेले नाही.

२००१ साली, कन्या चार महिन्यांची आणि पत्नी रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून अहोरात्र राबत असताना, मी माझ्या खात्याकडे तास कमी करण्याचा अर्ज केला. तो मंजूर झाल्याचे सांगलीला कळवले, तेव्हा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले माझे वडील फोनवर क्षणभर गप्प राहिले आणि मग, आई जवळपास नाही याची खातरजमा करून, हळूच म्हणाले, "अरे, अफरातफरीचं वगैरे काही नाही ना?" त्यांच्या अनुभवात अर्धवेळ हा शब्द कचेरीत पाणी भरणाऱ्या बाईपुरता होता, भल्या माणसाचे तास कापले जात, ते चौकशी लागल्यावरच.

वास्तविक चाळीस तासांचा आठवडा हे काही वेदवाक्य नव्हे. या देशात १९३८ च्या कायद्याने प्रथम ४४ तासांची मर्यादा घातली आणि ती १९४० मध्ये ४० वर आली. पुढे १९७८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकिर्दीत, संघराज्याच्या नोकरांसाठी आठवड्याला १६ ते ३२ तासांच्या सेवेचा स्वतंत्र कायदा झाला. तोवर खात्याच्या मंजूर संख्येत अर्धवेळ नोकरही एक पूर्ण डोके धरला जाई, सबब अर्ध्या कामासाठी पूर्ण जागा खर्ची घालण्यास कोणी अधिकारी राजी नसे. या कायद्याने डोकी मोजण्याऐवजी तास मोजण्याची तजवीज केली. माझ्या एका वरिष्ठांची अडचण नेमकी उलटी होती. अर्ध्या माणसाकडे अख्खा पूल कसा सोपवावा, असे ते उघड म्हणत.

पुलांची तपासणी हे माझे काम. १५ डिसेंबर १९६७ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील पॉइंट प्लेझंट येथे ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज सायंकाळच्या रहदारीसकट कोसळला आणि ४६ माणसे दगावली. त्या आघातातून देशभरातील पुलांच्या तपासणीचे जे नियम १९७१ मध्ये सिद्ध झाले, त्यांनुसार सामान्यतः दर २४ महिन्यांनी पूल पाहावा लागतो. पाहावा म्हणण्यापेक्षा ऐकावा म्हणणे अधिक यथार्थ. कारण पृष्ठभाग गुळगुळीत दिसत असताना काँक्रीटच्या पोटातील सळया गंजून फुगलेल्या असतात आणि वरचा थर खालच्यापासून सुटलेला असतो. अशा वेळी आम्ही लोखंडी साखळ्या पुलावरून फरफटत नेतो, आणि निरोगी काँक्रीटवर खणखणणारी ती साखळी पोकळ जागी येताच रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखी बदबद वाजू लागते. तिथे खडूने वर्तुळ काढावयाचे आणि पुढे सरकावयाचे. शेजारून मालमोटारी धडधडत असताना हा फरक ओळखण्याइतका कान तयार व्हायला मला सहा वर्षे लागली. पूर्णवेळ काम केले असते तर कदाचित चार लागली असती, हे मी लपवीत नाही. तो अख्खा पूल मात्र पुढच्याच तपासणीला माझ्याकडे आला.

अर्धवेळ काम करणाऱ्यांत माझ्याहून कितीतरी थोर अशा मारिया गोपर्ट-मेयर या भौतिकशास्त्रज्ञ विदुषीचे नाव येथील वरच्या वर्गांतील मुलींनी ऐकले असेल. गटिंगेनची डॉक्टरेट मिळवून त्या १९३० मध्ये पतीसमवेत बॉल्टिमोरला आल्या. परंतु नवराबायकोस एकाच विद्यापीठात न नेमण्याच्या दंडकामुळे त्यांना प्राध्यापकपद मिळाले नाही, जर्मन पत्रव्यवहार सांभाळण्याबद्दल अल्प तनखा तेवढा मिळे. १९४६ मध्ये शिकागोला विद्यापीठाने त्यांना बिनपगारी हुद्दा दिला, आणि जवळच्या आरगॉन प्रयोगशाळेने अर्धवेळ पगारी जागा. त्याच काळात, एन्रिको फर्मी यांनी खोलीबाहेर पडता पडता टाकलेल्या एका प्रश्नावरून, अणुकेंद्राच्या कवचरचनेचा उलगडा त्यांना झाला, ज्याबद्दल १९६३ चे नोबेल मिळाले. केंद्रातले कण कसे स्वतःभोवती गिरक्या घेत घेत फेर धरतात हे सांगताना त्या वॉल्ट्झ नाचणाऱ्या जोडप्यांचा दाखला देत. त्यांनी आजची फुगडी पाहिली असती तर दाखला बदललाही असता. मात्र त्यांची बिनपगारी वर्षे आणि अर्धवेळ वर्षे एका मापाने मोजू नका. पहिला अन्याय होता, दुसरी सोय होती. तसाच अन्याय जवळचाही आहे: २६ मे २०१५ पर्यंत, नोकरदार जोडीदाराच्या पाठोपाठ एच-४ व्हिसावर आलेल्या स्त्रियांना, कितीही पदव्या असोत, या देशात नोकरीची मुभाच नव्हती, आणि त्यानंतरही ती सर्वांना मिळाली नाही. या सभागृहात अशा कित्येकजणी बसल्या आहेत. ती रिकामी वर्षे अर्धवेळ कामाच्या खाती कोणी जमा करू नयेत.

तुमच्यापैकी कोणी हा मार्ग धरलाच, तर जमाखर्च आधी मांडावा. ३० तासांखालच्या नोकरास आरोग्यविमा देण्याचे बंधन मालकावर नाही. आम्हांला तो पत्नीच्या नोकरीतून मिळाला, नाहीतर हे भाषण वेगळे झाले असते. उलट सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनासाठी लागणारी ४० क्रेडिटे तासांवर नव्हे, कमाईवर मिळतात, त्यामुळे ती मला यथाकाल मिळाली. बढती दोनदा हुकली. त्या बदल्यात काय मिळाले, याची जंत्री वाचून दाखवण्यास कन्येने मला सक्त मनाई केली आहे, आणि ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

साखळी मी मोटारीत घालून आणली आहे. मागच्या आवारातील काँक्रीट सुमारे पन्नास वर्षांचे असावे असा माझा कयास आहे. बटाटेवडे आटोपल्यावर ज्यांना ती ओढून पाहावयाची असेल त्यांनी तिकडे यावे, आणि येताना फळ्याजवळचा खडू आणावा.