तेल, शेंदूर आणि तिकीट

(शनिशिंगणापूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



'आपल्या परिसरातली वस्तुसंग्रहालयं आणि ऐतिहासिक ठिकाणं' हा विषय देताना संयोजक मला म्हणाले, "सर, जरा सोपं बोला, लोक शेतातनं दमून आलेले असतात." त्यामुळे निजामशाहीच्या वंशावळीपासून सुरुवात करत नाही. तेलापासून करतो.

शनीच्या चौथऱ्यावर भेसळीचं तेल वाहिलं तर शिळेची झीज होईल, या काळजीने 1 मार्च 2025 पासून इथे ठरावीक, खात्रीच्या तेलानेच अभिषेक करायचा असं देवस्थानाने आणि ग्रामस्थांनी ठरवलं. पेपरात ही बातमी धार्मिक म्हणून छापून आली. मला ती वेगळीच वाटली. दगडावर काय पडतं, त्याने दगडाचं काय होतं, पुढच्या पिढ्यांसाठी तो कसा राखायचा, हीच चर्चा मोठ्या संग्रहालयात पांढरा कोट घातलेले तज्ज्ञ करतात. तुम्ही ती पारावर केलीत. म्हणून 'खेड्यातल्या लोकांना जुन्या वस्तूंची जाण नाही' हे शहरी रडगाणं मी इथे लावणार नाही. जाण आहे. ती कुठे वापरायची आणि कुठे नाही, एवढाच आज माझा मुद्दा.

आता इथून नेवाशाला चला. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. प्रवरेकाठी पैसाचा खांब आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरचं निरूपण सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं, ही आपली परंपरा. वारकरी येतात, खांबाला माथा टेकतात, निघतात. फार थोडे लोक खांबावर कोरलेली अक्षरं बघतात. तो लेख संस्कृतात आहे आणि त्याचा विषय अगदी घरगुती आहे: करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेलं दान, आणि चंद्र-सूर्य असेपर्यंत ते चालू राहावं ही इच्छा. म्हणजे हा खांब मुळात एका शिवमंदिराचा. ते मंदिर गेलं, दिवा गेला, दान देणाऱ्याचं घराणंही गेलं. खांब तेवढा उरला, कारण त्याला माउलींची पाठ लागली. ती श्रद्धा नसती तर हा दगड केव्हाच कुणाच्या तरी विहिरीच्या बांधकामात गेला असता. तसे कितीतरी गेले आहेत.

त्याच नेवाशात लाडमोडची टेकडी आहे. टेकडी म्हणण्यापेक्षा पांढरीचं टेकाड म्हणा. 1954 ते 1956 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख धीरजलाल सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे खणलं. वरून खाली जाता जाता मुसलमानी अंमल, मग सातवाहन, भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे, आणि त्याखाली तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव लागलं. त्या गावात मेलेली पोरं घराच्याच जमिनीखाली, मडक्यांत घालून पुरत. अशाच एका पोराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, आणि मण्यांच्या आत ओवलेल्या दोऱ्याचा जीव शिल्लक होता. तांब्याच्या गंजाने तो राखला होता. तपासणीत त्यात रेशीम निघालं. आपल्या देशातल्या रेशमाच्या अगदी जुन्या पुराव्यांत नेवाशाचा हा दोरा मोजला जातो. कोण्या आईने मुलासाठी रेशमाचा दोरा कुठून मिळवला असेल, हे मला अजून सुचत नाही.

याच नेवाशाजवळ चिरकीच्या नाल्यात गुड्रून कॉर्विनस या जर्मन बाईंनी 1960च्या दशकात उत्खनन केलं. काही लाख वर्षांपूर्वीच्या माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी तिथे मिळाल्या. प्रवरेच्या भरड गाळात अशी हत्यारं सांकळियांना आधीच दिसली होती. मधल्या अश्मयुगातल्या हत्यारांच्या एका परंपरेला तर अभ्यासकांनी 'नेवासियन' असंच नाव दिलं. जगभरच्या पुस्तकांत आपल्या तालुक्याचं नाव आहे आणि तालुक्यातल्या पोरांना ते माहीत नाही. दोष पोरांचा नाही. त्यांना लाडमोडवर नेऊन कुणी उभंच केलेलं नाही.

हे दोन दगड आणि एक टेकाड शेजारी ठेवून बघा. शिळेवर श्रद्धा आहे, तिची झीज होऊ नये म्हणून गाव बैठक घेतं. खांबावर श्रद्धा आहे, तो छपराखाली आहे. टेकाडावर कुणाची श्रद्धा नाही, तर त्याची माती पांढरीची माती म्हणून शेतात घालायला बरी पडते. आपल्याकडे जुन्या वस्तूची राखण देवाकडे सोपवलेली आहे. देव ज्याच्या अंगात आला नाही, त्याला वाली नाही.

बरं, देव अंगात आला तरी सगळं भागतं असंही नाही. गावोगावच्या मारुतीच्या देवळापुढे वीरगळ उभे असतात. गुरं वळवून आणताना किंवा गाव राखताना मेलेल्या वीराचा तो दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शेंदूर आणि तेलाचे थर बसत बसत त्यातली घोड्याची तोंडं गुळगुळीत होतात, तलवार मुजते, आणि शेवटी एक तांबडा ढिगारा उरतो, त्याला आपण 'म्हसोबा' म्हणतो. शेंदराने दगड वाचला, पण चेहरा गेला. मी शेंदराच्या विरोधात नाही, पण त्याची ही किंमत आहे.

दुसरी राखण तिकिटाची, म्हणजे संग्रहालयाची. तिचीही किंमत आहे. दायमाबादचं उदाहरण घ्या. श्रीरामपूरकडे प्रवरेच्या काठी हे उजाड गाव. 1974 साली इथे झुडपाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला चार ओतीव वस्तू लागल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. चौघांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. रथ सुमारे 45 सेंटिमीटर लांब, त्यावर उभा माणूस, आणि दांड्यावर एक कुत्रं. कुत्रं बघून मी हसलो होतो. गाडीच्या पुढे-मागे हुंदडणारं कुत्रं आजही प्रत्येक वस्तीवर आहे. जनावरांना चाकं जोडलेली होती, हत्तीची चाकं हरवलीत. आपली पोरं पोळ्याला मातीचे बैल ओढतात तसंच हे, फक्त एवढ्या वजनाचं खेळणं ओढणार कोण? मिरवणुकीतली दैवतं असावीत, असा एक तर्क. काळाबद्दल विद्वानांत भांडण आहे: कुणी उत्तर हडप्पाकाळातली म्हणतं, कुणी धातूत आर्सेनिक जास्त म्हणून त्यावर शंका घेतं.

आज त्या वस्तू बघायच्या तर दिल्ली-मुंबईची संग्रहालयं गाठावी लागतात. तिथे त्या सुरक्षित आहेत. दायमाबादेत ठेवल्या असत्या तर मोडीत गेल्या असत्या, हे मी नाकारत नाही. पण काचेआड ती म्हैस प्रवरेची उरत नाही. तिच्यामागचं काळं रान, नदीचं वळण, ऊस, काहीच तिथे नसतं. म्हणून माझं सांगणं उलटं असतं: आधी रान बघा, मग काच. शाळेची सहल मुंबईला नेणार असाल तर एक दिवस आधी मुलांना प्रवरेकाठी न्या.

नगर शहरात तुम्ही कामाला जाताच. 1960 साली सुरू झालेलं तिथलं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय पोथ्या आणि मोडी कागदांसाठी बघण्यासारखं आहे. 1994 साली उघडलेलं रणगाड्यांचं संग्रहालय पोरांना एरवीही आवडतं. किल्ल्यात 1942 ते 1945 नेहरू कैदेत होते, तिथेच त्यांचं भारताच्या शोधाचं पुस्तक झालं. किल्ला लष्कराकडे आहे, आत सोडतात की नाही ते विचारून जा. चांदबीबीचा महाल म्हणून आपण ज्या माळावरच्या इमारतीवर चढतो, ती सलाबतखानाची कबर आहे. तिथल्या भिंतींवर कोळशाने नावं लिहिणाऱ्यांबद्दल बोलायला व्याख्यानमालेची भाषा अपुरी पडेल.

मग गावात राहिलेलं गावातच, पण नीट राखलेलं, असं कुठे आहे का? आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्याच गावच्या शेतांतून, नाल्यांतून निघालेल्या वस्तू जमवल्या. पुढे त्यातून शासकीय संग्रहालय उभं राहिलं, त्यांचंच नाव घेऊन. तिथली हस्तिदंती बाई बघायला परदेशातून माणसं येतात, कारण तशीच एक बाई इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली. साताऱ्याकडच्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली टेकडीवर चित्रसंग्रहालय बांधलं. रविवर्म्याची चित्रं तर आहेतच, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं मायलेकराचं शिल्पही आहे. ते राजे होते, पैसा होता, हे खरं. पण लामतुरे राजे नव्हते.

शिंगणापुरात काय जमवायचं, असं कुणी विचारेल. चौकटी. बिनदाराच्या घरांसाठी तुम्ही जगात ओळखले जाता. 2011 साली युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा देशभर गाजलं. पण जुनी घरं पाडून लॉज आणि दुकानं होताहेत. सागाची चौकट, उंबरा, कुत्रं येऊ नये म्हणून आडवी टाकायची फळी, कोनाडा. पडायच्या आधी कुणी हे मोजून, फोटो काढून ठेवतंय का? देवस्थानच्या एखाद्या खोलीत एक पूर्ण चौकट उभी करा. रांगेत दोन-दोन तास उभे राहणारे भाविक ती बघून जातील.

शेवटी कामाचं. नांगराला काही लागलं तर ते सोनाराला किंवा भंगारवाल्याला दाखवू नका. दहा रुपयांहून जास्त किमतीची सापडलेली ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, हा कायदा 1878 पासून आहे. आधी जागेवरच फोटो घ्या, कारण वस्तू कुठल्या थरात होती हे एकदा गेलं की तज्ज्ञालाही परत आणता येत नाही. वीरगळाचा शेंदूर उत्साहाच्या भरात विटेने, तारेच्या ब्रशने खरवडू नका, त्यात कोरीवकामही निघतं. ते पुरातत्त्व खात्याच्या माणसाकडून करून घ्या. आणि जीर्णोद्धाराच्या वर्गणीतून काळ्या पाषाणाच्या देवळाला पिवळा-गुलाबी ऑइलपेंट द्यायचं कुणी सुचवलं, तर शिळेच्या तेलासाठी बसवलीत तशी बैठक त्याच दिवशी बसवा.