घरातल्या मण्यांचा हिशेब



मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आजचा विषय कळल्यावर एकाने मला विचारलं, "इंजिनिअरचा आणि कानातल्यांचा काय संबंध?" संबंध सरळ आहे. दर रविवारी संध्याकाळी आमच्या घरी चादर अंथरली जाते आणि अम्मी, माझी बायको, 8 वर्षांची मुलगी, बहिणीचा दहावीतला मुलगा आणि मी मणी ओवत बसतो. ब्रेसलेट, कानातली, केसांच्या क्लिपा, चावीला लावायचे गोंडे असं साधंसुधं काम असतं. हे कसं करायचं ते तर सांगणारच आहे, पण त्यातून आम्हाला जे कळलं ते जास्त महत्त्वाचं आहे. हातकामाला वेळ किती लागतो हे स्वतः करून पाहिल्याशिवाय समजत नाही, आणि ते समजत नाही तोवर आपण त्या कामाची किंमत चुकीचीच लावतो.

मणी आणि बांगड्या आपल्या समाजाला नव्या नाहीत. तुमच्यापैकी कोणाचं आडनाव मणियार असेल. मणी आणि बांगड्यांचा धंदा करणाऱ्यांचं हे नाव. दख्खनमधल्या कितीतरी मुस्लिम घरांत लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात काळी पोत असते. ती तुटली की कोणीतरी खाला नाहीतर फुफी दोन गुडघ्यांत दोरा धरून पुन्हा ओवून देते. हे काम शिकायला कोणी क्लास लावला नव्हता. घरात पाहून पाहूनच हात बसला.

आता करायचं कसं ते बघू. सामानासाठी पुण्यात रविवार पेठ आणि मुंबईत भुलेश्वर ही दोन ठिकाणं पुरेशी आहेत. पहिल्याच दिवशी ढीगभर मणी आणू नका. 8 मिलिमीटरचे मणी, इलॅस्टिक दोरा, थोडी तार, कानातल्यांचे हुक, छोट्या रिंगा आणि दोन पकडी आणा. दोन्ही पकडी निमुळत्या तोंडाच्या असाव्यात, एक सपाट आणि एक गोल. रिंग दोन्हीकडून धरायची असते, म्हणून दोन लागतात.

सुरुवात ब्रेसलेटने करा. आधी मनगट मोजा. समजा ते 16 सेंटिमीटर भरलं. त्यात 2 सेंटिमीटर मोकळीक धरली की 18 झाले. 8 मिलिमीटरचे 22 मणी ओवले की 17.6 सेंटिमीटर होतात, म्हणजे बरोबर बसतं. ओवण्याआधी इलॅस्टिक दोन-तीनदा ओढून घ्या. तसं केलं नाही तर ते वापरताना सैल पडतं आणि मण्यांमध्ये फट दिसायला लागते. गाठ मारताना दोऱ्याला एक वेढा जास्त द्या आणि गाठ मण्याच्या भोकात ओढून लपवा. माझ्या मुलीचा गुणाकार-भागाकार याच मण्यांवर पक्का झाला.

नंतर कानातली करा. तारेत मणी घाला आणि मण्याच्या वर साधारण 1 सेंटिमीटर तार ठेवून बाकीची कापा. उरलेली तार मण्याच्या अगदी वरून काटकोनात वाकवा आणि गोल पकडीने तिचं कडं करा. कापताना तारेचं टोक बोटाने दाबून धरा, तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. रिंग उघडताना दोन्ही टोकं बाजूला फाकवू नका. एक टोक आपल्याकडे आणि दुसरं पलीकडे वळवा. फाकवलेली रिंग पुन्हा नीट गोल होत नाही आणि मणी गळून पडतो.

हुकाच्या बाबतीत काटकसर करू नका. स्वस्त हुकांत बहुधा निकेल असतं. त्याने बऱ्याच जणांच्या कानाच्या पाळीला खाज येते, पाणी सुटतं. युरोपीय संघात कानातल्यांतून किती निकेल सुटावं यावर कायद्याने मर्यादा आहे. सर्जिकल स्टीलच्या हुकातून निकेल फारच कमी सुटतं. तो थोडा महाग पडतो, पण तोच घ्या. आणि घरात 3 वर्षांखालचं मूल असेल तर उठण्याआधी चादर झटका. एक मणीसुद्धा घशात अडकू शकतो.

आता हिशेब. आमच्याकडे एक वही आहे. त्यात भाचा प्रत्येक वस्तूला लागलेला वेळ लिहितो. समजा, कानातल्यांच्या एका जोडाला 18 रुपयांचं सामान आणि 4 रुपयांची डबी लागली. जोड करायला 20 मिनिटं गेली. तासाला 90 रुपये धरले तर 20 मिनिटांचे 30 रुपये होतात. म्हणजे जोडाची किंमत 52 रुपये. शेजारीण म्हणते, बाजारात असाच जोड 30 ला मिळतो. मिळत असेलही. आपण 30 ला विकला तर 22 रुपये सामानात जातात आणि हातात 8 रुपये राहतात. 20 मिनिटांना 8, म्हणजे तासाला 24 रुपये.

हा आकडा वहीत लिहिला त्या दिवशी अम्मी म्हणाली, "मला तर याच्याही खाली मिळायचे." मी शाळेत होतो तेव्हा अम्मी एका ठेकेदाराकडून माळांचं काम घरी आणायची. ग्रोसवर दर असायचा, म्हणजे 144 नगांचे मिळून पैसे. दोरा तिचा, दिव्याचं बिल तिचं, खराब निघालेला माल तिच्या खात्यावर. आम्ही घरातले सगळे म्हणायचो, "अम्मी बसल्या बसल्या काहीतरी करते." तिच्या त्या कामातून माझी फी भरली जात होती आणि त्या कामाला घरात कामाचं नावसुद्धा नव्हतं.

अशी घरं देशभर आहेत. ईदच्या आदल्या रात्री आपण काचेच्या बांगड्या भरतो. त्यांतल्या बऱ्याच उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतात. काच वितळवण्याचं काम कारखान्यात होतं. पण कापलेल्या बांगडीची टोकं एका रेषेत आणायची आणि ज्योतीवर धरून जोडायची, हे काम मोठ्या प्रमाणावर लोकांच्या घरांत होतं. या कामांना सधाई आणि जुडाई म्हणतात. ज्योतीसमोर तासन्‌तास बसणारी बाई बांगडीवर दिसत नाही.

या बायकांना कामगार म्हणावं की नाही, इथूनच भांडण सुरू होतं. 1972 मध्ये अहमदाबादला इला भट्ट यांनी सेवा ही संघटना स्थापन केली. तेव्हा नोंदणीला हरकत घेतली गेली की यांना मालकच नाही, मग युनियन कशाची? एकजुटीसाठी युनियन असते, असं म्हणत त्यांनी नोंदणी मिळवली. 1996 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. तरी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरातून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली आहे. ई-श्रम पोर्टलवर 2021 पासून असंघटित कामगारांची मोफत नोंदणी होते. तिथे साधारण 16 ते 59 वय चालतं. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. अम्मी-खालांची नोंदणी करून द्यायला अर्धा तास पुरतो.

मुलांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, पण शाळा सुटल्यावर घरच्या, धोका नसलेल्या धंद्यात मदत करायला सूट ठेवली. त्या सुटीच्या आडून घराघरांत काय चालतं ते आपल्या मोहल्ल्यात आपण पाहतो. म्हणून आमच्या घरी तीन नियम आहेत. अभ्यास आणि खेळ झाल्याशिवाय मुलगी चादरीवर बसत नाही. तिला कंटाळा आला की ती उठते, कोणी थांबवत नाही. आणि ऑर्डरचा माल तिच्या हातून करून घ्यायचा नाही. ती जे बनवते ते तिचं किंवा तिच्या मैत्रिणीचं.

मुलग्यांनो, आता तुमच्याकडे वळतो. भाचा पहिल्यांदा बसला तेव्हा त्याचे मित्र हसले. तो म्हणाला, "मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात याहून बारीक पकड असते, तिथे कोणी हसतं का?" एका वाक्यात त्याने सगळं सांगितलं. पक्कड तीच, बोटं तीच. दुकानात तिला हुनर म्हणायचं आणि घरात बायकांचा टाइमपास, ही आपली सवय आहे. बदलायचीही आपणच.

तुमच्या घरी असं काम कोणी पैशांसाठी करत असेल, तर येत्या रविवारी तिच्या शेजारी बसा. एक डझन नग तुम्ही करा, एक डझन तिला करू द्या, आणि घड्याळ लावा. मग तिला मिळणारा दर तासांत मांडून तिलाच दाखवा. आमच्या अम्मीने ते गणित पाहिलं आणि तेव्हापासून ती ओळखीपाळखीतही भाव कमी करत नाही. गेल्या महिन्यात तिची एक जुनी मैत्रीण 40 रुपयांत जोड मागत होती. अम्मीने तिला चहा पाजला, वही उघडून दाखवली आणि 52 घेतले.