अकिरा सुझुकी : मोजणीपलीकडचे ऋण



संशोधकाच्या कार्याचे मोल कसे ठरवावे? विज्ञानजगताने त्यासाठी एक माप स्वीकारले आहे. एखाद्याने आपल्या शोधनिबंधात दुसऱ्याच्या कामाचा आधार घेतला, तर त्याचा संदर्भ द्यावा लागतो. हा ऋणनिर्देशच होय. १९६४ साली अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी अशा संदर्भांची सूची प्रसिद्ध केली आणि ही ऋणे मोजता येऊ लागली. हे माप कुठवर पुरते, याचे उत्तर जपानी रसायनशास्त्रज्ञ अकिरा सुझुकी यांच्या कार्यात सापडते.

सुझुकी यांचा जन्म १९३० साली होक्काइडो बेटावरील मुकावा या लहानशा गावी झाला. ओढा गणिताकडे होता. परंतु विद्यापीठात वाचलेल्या एका पाठ्यपुस्तकाने त्यांना सेंद्रिय रसायनशास्त्राकडे वळविले. पुढे सापोरो येथील पुस्तकांच्या दुकानात हर्बर्ट ब्राउन यांचा बोरॉनच्या संयुगांवरील ग्रंथ त्यांच्या हाती आला. त्याने प्रभावित होऊन १९६३ ते १९६५ या काळात त्यांनी पर्ड्यू विद्यापीठात ब्राउन यांच्याजवळच काम केले.

औषधांचे रेणू घडवायचे, तर कार्बनला कार्बन जोडावा लागतो आणि नेमक्या जागी जोडणे हे मोठे कठीण काम. बोरॉनची संयुगे हवापाण्यात टिकणारी, हाताळण्यास सोपी. पण त्यांच्या याच स्थिरपणामुळे ती जोडणीस उपयोगी पडणार नाहीत, असा समज होता. सुझुकी आणि त्यांचे सहकारी नोरिओ मियाउरा यांनी पॅलेडियम या उत्प्रेरकासोबत आम्लारी वापरला आणि जोडणी साधली. हे काम १९७९ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी गुरू ब्राउन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हा एक सुखद योग.

या पद्धतीचे एकस्व सुझुकी यांनी घेतले नाही. ती सर्वांना मोकळी राहिली. रक्तदाबावरील लोसार्टन, पिकांवरील बुरशीनाशक बोस्कॅलिड, पडद्यांसाठी लागणारे द्रवस्फटिक अशा अनेक पदार्थांच्या निर्मितीत ती वापरली गेली. सुझुकी आणि मियाउरा यांनी १९९५ साली लिहिलेल्या आढावा-निबंधाचा दहा हजारांहून अधिक वेळा संदर्भ दिला गेला आहे. २०१० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, रिचर्ड हेक आणि एइ-इची नेगिशी यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

परंतु खरी गोष्ट या आकड्यापुढची आहे. आज प्रयोगशाळेतील विद्यार्थी वहीत नुसते 'सुझुकी केले' असे लिहितो. मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची त्याला गरज वाटत नाही. ज्ञान सर्वांच्या अंगवळणी पडले, की त्याच्या कर्त्याचा निर्देश हळूहळू गळून पडतो, असे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले आहे. म्हणजे संदर्भांची संख्या प्रभावाचा प्रारंभ मोजते. त्याची परिणती तिच्या हाती लागत नाही.

विद्यार्थी मित्रहो, गुणपत्रिकेवरील आकड्यांचा अनादर करू नका. ते कष्टांची साक्ष देतात. मात्र ज्यांनी बाराखडी गिरवून घेतली, त्यांचे नाव कोणत्याही पुस्तकाच्या संदर्भसूचीत नसते, आणि त्यांच्यावाचून एकही पुस्तक लिहिले जात नाही. साठ वर्षे परमुलखात मराठी अक्षरे गिरवून घेणाऱ्या या शाळेचे ऋणही त्याच जातीचे आहे.